चोर बाजारातलं मेडलचं दुकान : पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. दुकान चालवणाऱ्या चाचांनी स्वतः सांगितलंय की नाव टाकू नको, लोक येतात, सगळं काउंटरवर मांडायला लावतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि चहा पिऊन जातात. त्यामुळे एवढंच, की मटण स्ट्रीटच्या आसपास आहे, ग्रँट रोडला उतरून पूर्वेकडे पंधरा-वीस मिनिटं चालायचं, बाहेर ग्रामोफोनचे भोंगे आणि जहाजाचे दिवे लटकतायत त्या दुकानात नाही जायचं (ते सिनेमावाल्यांसाठी आहे), त्याच्या पुढे एक बोळकांडी आहे तिथे. ज्याला मेडलचं वेड आहे त्याला सापडेल, ज्याला नाही त्याने जाऊन करायचंय काय.

मी काय जमवतो ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. लढाईची मेडलं नाही. त्यांना गिऱ्हाईक भरपूर, भाव पण तसेच. मी जमवतो नाव कोरलेली सिव्हिलियन मेडलं, म्हणजे पोस्टमन, जेलचा वॉर्डर, टेलिग्राफचा लाईनमन, कस्टमचा शिपाई अशा लोकांना पंचवीस-पंचवीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली म्हणून मिळालेली. यातलं मुख्य म्हणजे इम्पीरियल सर्व्हिस मेडल. सातव्या एडवर्डनं १९०२ मध्ये सुरू केलं. साहेब लोकांना आणि हेडक्लार्क वगैरेंना इम्पीरियल सर्व्हिस ऑर्डर, आणि ज्यांचे हात काळे होतात त्यांना हे मेडल, अशी सरळ वर्णव्यवस्था होती. आधी ते ताऱ्याच्या आकाराचं होतं, १९२० पासून चांदीचं गोल झालं, बत्तीस मिलिमीटर, रिबन लाल-निळी-लाल. समोर राजा, मागे एक नागडा बाप्या कामावरून येऊन दमून बसलाय आणि खाली इंग्रजीत ‘फॉर फेथफुल सर्व्हिस’. हा नागडा बाप्या बघून आमची ही म्हणाली होती, पंचवीस वर्षं नोकरी करून कपडे पण नाही उरले वाटतं. चूक नाही तिची.

पण खरी गंमत कडेवर आहे. नाण्याची जशी कड असते तशी मेडलला असते, आणि त्या कडेवर बारीक अक्षरात त्या माणसाचं नाव. भिंग घेऊन मेडल गोल फिरवत फिरवत वाचायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, खोटं नाही सांगत, कारण हा राजा नाही, सेनापती नाही, कुठल्या पुस्तकात नाही, आणि तरी चांदीत नाव आहे.

आता दुकानाकडे. दहा बाय बाराचं असेल, एक ट्यूबलाईट, एक पंखा जो फिरतो पण वारा देत नाही. मेडलं काचेच्या शोकेसमध्ये नाहीत, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यांत आहेत, आणि प्रत्येक मेडल वेगळ्या कागदी पुडीत. ही पुडी म्हणजेच मी चार स्टार का देतोय त्याचं कारण. पुडीच्या आतल्या बाजूला चाचा पेन्सिलीनं उर्दूत लिहून ठेवतात की माल कुठून आला. कुठल्या एरियातून, चाळ का बंगला, ट्रंकेत होता का कपाटात, सोबत काय होतं, कुणी आणला, साधारण कधी. मला उर्दू येत नाही, ते वाचून दाखवतात, मी देवनागरीत उतरवून घेतो. दोन ओळी असतात फार तर. मी विचारलं हे कशाला लिहिता, तर म्हणाले, “साहब, चांदी का पैसा सुनार देता है, नाम का पैसा मैं लेता हूं, तो नाम का कुछ तो अता-पता देना पडेगा ना.”

हे किती मोठं आहे ते सांगतो. समजा तुमच्या हाती एखाद्या स्कॉटिश इंजिन ड्रायव्हरचं मेडल आलं. घरी बसल्या एका संध्याकाळी तो माणूस उभा राहतो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं सगळं दप्तर आहे, त्यात चर्चच्या नोंदी, बाप्तिस्मा, लग्न, दफन, त्यांच्या लोकांनी याच्या सूची करून नेटवर टाकल्यात, शिवाय तिकडची जुनी जनगणना घरोघरच्या नावांसकट बघायला मिळते, म्हणजे बायको कोण, पोरं किती, सगळं. आणि तेच तुमच्या हाती आपल्या माणसाचं मेडल आलं, की भिंत. आपल्याकडे जनगणनेचे घरोघरचे कागद ठेवलेलेच नाहीत. चर्च नाही. आणि सगळ्यात मोठी बोंब म्हणजे कडेवर आडनाव नसतं! माझ्याकडच्या बहुतेक सगळ्या मराठी मेडलांवर माणसाचं नाव, बापाचं नाव, संपलं. आडनाव ही शिपायाला लागणारी गोष्ट नाही असं साहेबाला वाटलं असावं, किंवा त्या माणसाला स्वतःलाच कधी कुणी विचारलं नसावं. आता मुंबई इलाख्यात अमुक तमुकचा मुलगा अमुक असे किती निघतील, हजारो. त्यामुळे आपल्या लोकांच्या बाबतीत मेडल कुठल्या घरातून निघालं हा एकच धागा असतो आणि तो धागा नेमका भंगारवाल्याच्या हातगाडीवर तुटतो. या दुकानात तो तुटत नाही.

माझंच उदाहरण देतो. नाव देणार नाही कारण घरचे लोक आहेत आणि त्यांना ते नकोय. गेल्या वर्षी चाचांनी एक पुडी काढली, गोल मेडल, पाचव्या जॉर्जचं, डोक्यावर मुकुट नाही. हे नवीन लोकांसाठी सांगतो, मुकुट नसलेलं नुसतं डोकं असेल तर १९२० ते साधारण १९३१, मुकुट आणि झगा असेल तर त्यानंतरचं, आणि सहाव्या जॉर्जच्या मेडलवर राजाच्या पदव्यांमध्ये ‘इंड इम्प’ म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट असं असेल तर जुनं, ते गायब असेल तर आपण स्वतंत्र झाल्यानंतरचं. एवढं डोक्यात असलं की विकणारा काहीही सांगू दे, तारीख तुम्हाला कळते. तर कडेवर नाव, बापाचं नाव. भाव सांगितला सहा हजार, मला पडलं बेचाळीसशेला. अक्षरांच्या खाचांमध्ये काहीतरी पिवळट अडकलेलं होतं, मला वाटलं कुणीतरी पॉलिश मारून नीट पुसलं नाही, म्हणून त्यावरून पण दोनशे कमी करून घेतले. याचं पुढे वाईट वाटलं, ते येतंच.

घरी येऊन लंडन गॅझेट उघडलं. हे सरकारी राजपत्र १६६५ पासून चालू आहे आणि सगळं नेटवर फुकट आहे, या मेडलच्या याद्या त्यात छापून यायच्या, नाव, हुद्दा, ऑफिस. फक्त सर्च करताना डोकं त्यांच्यासारखं चालवायला लागतं. गणपत हा जी-यू-एन ने सुरू होऊ शकतो, वामन-वासुदेव डब्ल्यूत शोधायचे, सखारामचा सु पण होतो, विठोबा तर काय वाटेल तसा. त्यात जुनी छपाई मशीननं वाचलेली, त्यामुळे मी नाव सोडून देतो आणि ‘पोस्टमन’ आणि ‘बॉम्बे’ टाकून एकेक यादी डोळ्यानं वाचतो. तीन रविवार गेले. सापडला. १९२० नंतरच्या एका यादीत, हुद्दा पोस्टमन, मुंबई.

आता नुसत्या या एका ओळीतून काय काय निघतं बघा. पंचवीस वर्षं नोकरी हवी आणि डोक्यावर मुकुट नाही, म्हणजे माणूस उशिरात उशिरा १९०६ च्या सुमारास, कदाचित १९०० च्या आधीच चिकटलेला. म्हणजे १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा पहिला पेशंट ओळखला, आणि नंतर निम्मं शहर बोचकी बांधून बोटीनं आणि रेल्वेनं पळालं, तेव्हा हा किंवा याच्या अगदी मागचे-पुढचे लोक थैली खांद्याला लावून त्याच गल्ल्यांतून फिरत होते. मांडवी म्हणजे या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी खरंच एकदा दुकानातून निघून चालत गेलो तिकडे, मसाल्याच्या वासात, आणि विचार करत होतो की पत्ता बरोबर आहे, घर आहे, पण दाराला कुलूप आणि माणूस गावाला पळालेला किंवा गेलेला, अशा पत्रांचं हा माणूस काय करत असेल. मग १९१३ ला जॉन बेगनं बांधलेलं नवीन जीपीओ, तो विजापूरच्या गोल घुमटासारखा घुमट, ते पूर्ण झालं तेव्हा हा नोकरीत मुरलेला असणार. मग १९१८ चा इन्फ्लुएन्झा. एवढं सगळं बघून शेवटी नागडा बाप्या.

पण हे झालं पोस्टमनचं, या पोस्टमनचं नाही. माणूस कुठला, कोण, काही नाही. तिथे पुडी कामाला आली. पुडीवर होतं, गिरगाव, चाळीचं नाव, दुसरा मजला, खोली खाली केली, पत्र्याची ट्रंक, दिवाळीच्या आधी. बस. मी गिरगावात जाऊन चाळीखाली उभा राहिलो आणि तिथल्या इस्त्रीवाल्याला विचारलं की दुसऱ्या मजल्यावरची खोली दिवाळीच्या आधी कुणी सोडली. पाच मिनिटांत आडनाव, गाव राजापूरकडचं, आणि आता डोंबिवलीला कुणाच्या मागे राहतात ते पण. शंभर वर्षं इंग्रज सरकारनं न लिहिलेलं आडनाव इस्त्रीवाल्यानं सांगितलं.

डोंबिवलीला आधी फोन केला. असं अचानक जाऊन तुमच्या आजोबांचं मेडल माझ्याकडे आहे म्हटलं तर लोक घाबरतात, त्यांना वाटतं पैसे मागायला आला. पणतू माझ्याहून मोठे, साठीचे, फार चांगले वागले पण त्यांना मेडलचं काहीच माहीत नव्हतं, ट्रंक कुणी उघडलीच नव्हती म्हणाले. त्यांच्या आई मात्र आतून म्हणाल्या, “अरे तो बिल्ला. दसऱ्याला पूजेत असायचा.” खंडेनवमीला शस्त्रं नसलेल्या घरात जे असेल ते पूजतात ना, विळी, पावशी, कात्री, तसं यांच्या घरी तो बिल्ला पाटावर असायचा आणि त्याला हळदकुंकू. सासूबाई करायच्या, मग यांनी पण काही वर्षं केलं, मग ट्रंकेत गेला.

म्हणजे ते पॉलिश नव्हतं. हळद होती. आणि मी दोनशे रुपये कमी करून घेतले होते.

मेडल मी परत देऊ केलं, खरंच केलं, त्यांनी नको म्हटलं, फोटो मागितला, मोठा करून दिला. आणि एक काम त्यांनी केलं जे मला एकट्याला कधीच जमलं नसतं, मला त्र्यंबकेश्वरला घेऊन गेले त्यांच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाशिक-त्र्यंबकला उपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात, गाव आणि आडनावावर लावलेल्या, जो येईल तो आपली वंशावळ आणि सही टाकून जातो. आपली जनगणना, आपलं चर्च, सगळं तेच आहे, फक्त आत शिरायला आडनाव आणि गाव लागतं आणि बाहेरच्या माणसाला कुणी वही उघडून देत नाही. गुरुजींनी लाल कापड सोडलं, पंधरा मिनिटं पानं उलटली आणि बोट ठेवलं. तो माणूस आला होता. भावांची नावं, मुलांची नावं, आणि खाली मोडीत सही. मेडलच्या कडेवर इंग्रजांनी ठोकलेलं नाव आणि इथे त्याच्या स्वतःच्या हातचं. पणतूंना मोडी येत नाही, मला पण नाही, गुरुजींनी वाचून दाखवलं. कुणी काही बोललं नाही थोडा वेळ, मग पणतूंनी आपली पण नोंद करून घेतली.

तर हे सगळं दोन ओळींच्या पेन्सिलीवर. म्हणून चार स्टार.

याच्या उलट अनुभव पण सांगतो म्हणजे तुलना कळेल. एका ऑनलाईन लिलावावरून (नाव जाऊ दे) मी एक रेल्वेच्या माणसाचं सेंट जॉन अँब्युलन्सचं सर्व्हिस मेडल घेतलं होतं. हे फार छान मेडल आहे, १८९८ मध्ये सुरू झालं आणि राजे बदलले, राण्या बदलल्या तरी त्यावर अजून व्हिक्टोरियाच आहे, जुन्या मेडलांच्या कडेवर नाव पण असतं. फोटोत आरशासारखं चकचकीत. हातात आलं तर कडेवरची अक्षरं एका बाजूला जवळजवळ पुसलेली, पॉलिश मारमारून. कुठून आलं विचारलं तर उत्तर ‘प्रायव्हेट कलेक्शन’. म्हणजे कुणाचं? कुठलं? काही नाही. त्याच्याआधी दुसऱ्या एका विक्रेत्यानं तर नाव घासून दुसरं टाकलेलं मेडल गळ्यात मारलं होतं. हे ओळखायची सोपी पद्धत, व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) घेऊन व्यास दोन-तीन ठिकाणी मोजा, कड घासली असेल तर व्यास भरत नाही किंवा सारखा येत नाही, आणि अक्षरांच्या आजूबाजूची कड किंचित खोलगट वाटते. चाचांकडे मी गेल्या चार वर्षांत अकरा मेडलं घेतली, एकही घासलेलं नाही. एकदा मी स्वतःच एकाला हो म्हणत होतो तर त्यांनीच हातातून काढून घेतलं, म्हणाले हे मला पण फसवून दिलंय, तुम्हाला कशाला देऊ.

नाव नसलेली मेडलं पण आहेत त्यांच्याकडे, त्यात मला इंटरेस्ट कमी. कैसर-ए-हिंद लोक फार विचारतात. ते १९०० पासूनचं, हिंदुस्थानातल्या लोकसेवेसाठी, सोन्याचं आणि चांदीचं, पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये मिळालं होतं, गांधीजींना १९१५ मध्ये मिळालेलं सोन्याचं त्यांनी १९२० मध्ये सरकारला परत केलं. पण त्यावर सहसा नाव नसतं. सोबत सनद किंवा पत्र नसेल तर ते कुणाचंही असू शकतं, आणि विकणाऱ्याच्या तोंडात ते नेहमी कुणातरी मोठ्या माणसाचंच असतं. १९११ च्या दिल्ली दरबारचं मेडल पण तसंच, कोरंच दिलं जायचं. त्यापेक्षा रावसाहेब-रावबहादूर लोकांचे बिल्ले बघा, त्यांच्या मागच्या बाजूला नाव कोरलेलं असतं, आणि रावबहादूर शोधायला सोपा असतो कारण त्याचं कुठेतरी वाचनालय किंवा रस्ता निघतोच. मला मात्र त्यामुळेच त्यांच्यात मजा येत नाही. ज्याच्या नावाचा रस्ता आहे त्याला माझी काय गरज.

आता कापलेला स्टार. चाचांना एक वाईट खोड आहे, रिबन बदलायची. जुनी, विटलेली, कसर लागलेली रिबन दिसली की काढून टाकतात आणि नवी चकचकीत नायलॉनची लावतात, म्हणजे माल ‘फ्रेश’ दिसतो. माझ्या पोस्टमनच्या मेडलवर पण नवीच होती. डोंबिवलीहून आल्यावर मी धावत गेलो विचारायला की जुनी कुठे आहे, तर कचऱ्यात. त्या रिबनवर किती दसऱ्यांचं हळदकुंकू असेल! मी जरा मोठ्यानंच बोललो, ते गप्प बसले, मग म्हणाले आगे से आपके लिए रखूंगा. आता ठेवतात, पण फक्त माझ्यासाठी ठेवतात की सगळ्यांसाठी ते माहीत नाही, त्यामुळे तुम्ही गेलात तर आधीच सांगा. बाकी तक्रारी फुटकळ. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतात. फोन उचलत नाहीत. यूपीआय आहे पण स्कॅनर भाच्याच्या नावावर आणि भाचा जागेवर नसला की चाचांना पैसे आले की नाही कळत नाही, मग भाचा येईपर्यंत बसा. (बसायला हरकत नाही, चहा चांगला असतो.) आणि पहिला भाव ऐकून दचकू नका, तो भाव नसतो, ती ओळख असते.

चांदीचा भाव चढला की मात्र लवकर जा. तेव्हा भंगारवाले दुकानात यायच्या आधी सोनाराकडे जातात आणि नावासकट सगळं मुशीत. चाचा म्हणतात की गेल्या दिवाळीच्या सुमारास एक अख्खा डबा असा गेला, त्यांनी सोनाराइतकाच भाव देऊ केला तरी उशीर झाला होता.

आणि परदेशात कुणाला पाठवायचा विचार असेल तर जपून, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे आणि ताऱ्याच्या आकाराची सगळी जुनी सर्व्हिस मेडलं आता शंभरी पार करून बसलीयत.

शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी रस्त्यावरचा जुम्मा बाजार असतो, दुकानं बंद. बाकी दिवशी साडेअकरानंतर, दुपारच्या नमाजाची वेळ सोडून. भिंग स्वतःचं न्या, त्यांच्या भिंगाला तडा आहे. मागच्या शनिवारी गेलो तेव्हा हिरव्या डब्यात सहाव्या जॉर्जचं एक होतं, ‘इंड इम्प’ नसलेलं, म्हणजे स्वातंत्र्यानंतर हातात पडलेलं, कडेवर नाव आणि चक्क आडनाव. माझ्याकडे तेव्हा पैसे नव्हते. मी येत्या शनिवारी जाणार आहे, त्याआधी तुमच्यापैकी कुणी उचललं तर राग नाही, पण पुडी मागून घ्या आणि तिच्यावरचं वाचून घेतल्याशिवाय दुकानातून हलू नका, आणि घरी नेऊन पुसू नका.

रेटिंग : ४/५. रिबन ठेवायला लागले सगळ्यांसाठी, की पाच करतो.